पृथ्वीगोलाची मोडतोड

एकोणीसशे ब्याण्णवच्या दिवाळीनंतर मला जिल्ह्याच्या कचेरीतून एक पत्र आलं आणि त्याचं उत्तर मी बरेच दिवस दिलंच नाही. प्रश्न एका ओळीचा होता. कोंडपाडा शाळेतील पृथ्वीगोलाची मोडतोड शिक्षिकेच्या निष्काळजीपणामुळे झाली आहे किंवा कसे, याबाबत आपला स्पष्ट अभिप्राय सादर करावा. स्पष्ट अभिप्राय ही वस्तू माझ्याकडे फारशी नसे. मी शिक्षण विस्तार अधिकारी होतो, म्हणजे पनवेलच्या आसपासच्या शाळा तपासत हिंडायचो. पण चपला वर्गाबाहेर काढाव्यात की घालून आत जावं, इथपासून मला शंका असायच्या.

जिल्ह्यात शेकडो शाळा. काही वर्षांपूर्वी सरकारनं त्यांना एकेक पत्र्याची पेटी दिली होती. आत पृथ्वीगोल, भिंग, लोहचुंबक, तराजू, नकाशे. मुलांनी हाताळून शिकावं, हा हेतू. पण पेटीबरोबर एक नियमही आला, की काही फुटलं तर भरपाई मुख्याध्यापकाच्या पगारातून. लगेच सगळ्या पेट्यांना कुलपं लागली. तपासणीच्या दिवशी वस्तू टेबलावर मांडल्या जात, मी त्या बघे, आणि मी फाटकाबाहेर पडायच्या आत त्या पुन्हा कुलपात जात. पळस्प्याच्या पलीकडच्या एका शाळेत गोलावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. तिथं दसऱ्याला पेटीची पूजा होई. भिंगावर कुंकू इतकं बसलं होतं की त्यातून सगळं जग तांबडं दिसे. गोलाकडे बोट दाखवून मी एका मुलीला विचारलं, हे काय आहे? तिनं हात जोडले. त्या शाळेला मी 'साहित्याची स्थिती उत्तम' असा शेरा दिला, कारण छापील रकान्यात तेवढंच विचारलेलं होतं.

कोंडपाड्याला शशिकलाबाई एकट्याच शिक्षिका होत्या. त्यांनी पेटी उघडली आणि किल्ली खिडकीत ठेवून दिली. मग तराजूत सुका जवळा तोलला गेला, चुंबक वाळूत फिरला, आणि गोल तर इतका फिरला की एके दिवशी दांडीतून निसटून खाली आपटला. बाईंनी खळ लावून कापडाची पट्टी चिकटवली. पृथ्वी पुन्हा फिरू लागली, जरा लंगडत. इथवर कुणाला काही कळलं नसतं. पण बाईंनी साहित्याच्या नोंदीत 'वापरात फुटला' असं लिहिलं. अख्ख्या जिल्ह्यात 'वापर' हा शब्द त्या रकान्यात आधी कुणी लिहिला नसावा. कचेरी हादरली.

माझा अभिप्राय विरोधात गेला तर बाईंची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होणार होती. पनवेलला त्यांच्या घरी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले सासरे. बदली झाली तर नोकरी सोडेन, असं बाईंनी मला सांगितलं. विनंती केली नाही. त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

तालुक्याच्या साहेबांनी मला बोलावून समजावलं. बाई चांगल्या आहेत, यावर त्यांचं दुमत नव्हतं. पण निष्काळजीपणा नाही असं एकदा लिहून गेलं, तर उद्या सगळेच पेट्या उघडतील. ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर अगदी खरी होती.

"लिहून टाका हो," ते म्हणाले. "तुम्ही एवढं वाचता, एक ओळ लिहायला काय लागतं?"

मी अभिप्राय शोधायला पुन्हा कोंडपाड्याला गेलो. शाळेच्या समितीचे प्रमुख काशीराम यांनी खुर्ची मांडली आणि बाई राहणार की जाणार, एवढंच विचारलं. मी त्यांना नियम सांगितला. सरकारी वस्तू जपायला हवी, वगैरे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमाला गोल नीट पायजे ना साहेब? मंग आमी पोरांना घरी ठेवतो. गोल बी नीट राहील, शाला बी नीट राहील. तुमी एकटेच येत जा तपासायला."

मी उठून वर्गात गेलो. भाविका नावाची मुलगी गोल फिरवत होती. मी विचारलं, आपलं गाव कुठं? तिनं बाईंच्या पट्टीवर बोट ठेवलं.

"आमी हिच्याखाली हाय."

घरी येऊन लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात 'माझ्या अल्प मतीनुसार' दोनदा आलं, ते एकदा केलं. पुढच्यात मी बाईंची बाजू घेतली आणि शेवटी बाजू घेतल्याबद्दल क्षमा मागितली. तो फाडला. अखेर एवढंच उरलं: 'गोल वापरामुळे फुटला आहे. शिक्षिकेचा निष्काळजीपणा नाही. इतर शाळांतील गोल वापर न झाल्यामुळे शाबूत आहेत. त्याबद्दलचा खुलासा कोणाकडे मागवावा, हे कृपया कळवावे.' शेवटचं वाक्य माझं वाटेना. चारदा वाचलं, तरी खोडवलं नाही.

रीतीप्रमाणे हे उत्तर साहेबांच्या टेबलावरून जायला हवं होतं, म्हणजे तिथंच राहायला हवं होतं. मी पनवेलच्या पोस्टात गेलो आणि थेट जिल्ह्याच्या कचेरीच्या नावानं रजिस्टर करायला दिलं. खिडकीतल्या माणसानं शिक्का मारून पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. ते परत मिळेल का, असं मी विचारणार होतो, पण मागे रांग खोळंबली होती.