पाच दिवसांचं तेल

मी टायर बोलतोय. खरं तर मी बोलायचं नव्हतं. "कुणाला सांगू नको हं," असं लाडकुंवरनं मला बजावलं होतं आणि आजवर मी एक अक्षर काढलं नाही. टायराला कोण विचारतो म्हणा! पण आज माझी वेळ भरली आहे. समोर चामडं कापायची रापी आहे आणि निंबाआबा तिला दगडावर धार लावताहेत. धार लागेपर्यंत जमेल तेवढं सांगतो.

माझा जन्म कारखान्यातल्या तापलेल्या साच्यात झाला. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगावर नांगरलेल्या वावरासारख्या खोल खाचा होत्या. मालगाडीतून जळगावला आलो आणि दुकानाच्या दारावर चार महिने टांगलेला राहिलो. तिथं मला माणसांची एक सवय कळली. टायर घेणारा, विकणारा, नुसता बघायला आलेला, प्रत्येक जण आधी टायराला एक लाथ मारतो. लाथेनं त्यांना काय कळतं हे मला अजून समजलेलं नाही.

प्रकाशचंदनं मात्र मला लाथ मारली नाही. त्यानं माझ्या खाचांतून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "हाच द्या." त्याचे वडील फुलचंदशेठ कापडाचे व्यापारी. प्रकाशचंदकडे एक तांबडी मोटारसायकल होती. तिच्या मागच्या चाकावर मी चढलो.

तीन वर्षं मी रस्ता खाल्ला. कापडाचे नमुने घेऊन चोपड्याला जायचं, उधारी वसूल करायला बोदवडला जायचं. बाभळीच्या काट्यांनी मी सात वेळा पंक्चर झालो आणि सातही वेळा भटूनं मला ठीक केलं. भटू हा प्रकाशचंदचा मित्र, धुळ्याकडचा, मोटारसायकलींचा कारागीर. गाडी उतारावरून येताना तो नुसता कान द्यायचा आणि कुठला नट ढिला आहे ते सांगायचा.

दोघांच्या मनात एकच गोष्ट होती: धुळ्याला मोटारसायकल दुरुस्तीचं स्वतःचं दुकान टाकायचं. फुलचंदशेठ ऐकत नव्हते. तेवढ्यात बातमी आली, धुळ्यात हौशी लोकांसाठी मोटारसायकलींची शर्यत आहे. बाजाराचं नवं आवार बांधून होत आलं होतं, त्याच्या आत गोल डांबरी रस्ता झाला होता, त्यावर दहा फेऱ्या मारायच्या. प्रकाशचंदनं घरात विषय काढला.

"पहिल्या दोघांत आलास तर भटूबरोबर खुशाल दुकान टाक," फुलचंदशेठ म्हणाले. "नाही आलास तर गाडी विकायची आणि माझ्या शेजारी गादीवर बसायचं. मग तोंड वाकडं करायचं नाही."

"शब्द दिला, काकाजी?" प्रकाशचंदनं वडिलांना विचारलं.

"दिला. तूही दे."

प्रकाशचंदनं दिला. त्याची पंधरा वर्षांची बहीण लाडकुंवर दाराआडून ऐकत होती. ती नेहमी दाराआडूनच ऐकायची. फार लाजाळू पोर. शाळेत उत्तर येत असूनही हात वर करायची नाही. माणसांशी बोलता येत नाही म्हणून ती संध्याकाळी पडवीत येऊन गाडीशी, म्हणजे माझ्याशी बोलत बसायची.

मग मुंबईहून तो आला. शर्यतीचा टायर. त्याच्या अंगावर खाचा जेमतेम होत्या आणि रबर इतकं मऊ की नख रुतायचं. माझ्या शेजारच्या खिळ्यावर त्याला टांगलं.

"तुझं आयुष्य किती?" मी विचारलं.

"चाळीस फेऱ्या. फार तर पन्नास. तुझं?"

"वीस हजार मैल तरी."

"म्हणून तू इतका कडक," तो म्हणाला. "मला जपून ठेवायचं काही नाही. मी रस्त्याला मिठी मारतो."

मला त्याचा राग आला नाही. त्याचं खरं होतं.

भटूला मात्र तो पसंत नव्हता. मला थोपटत तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "प्रकाशभाऊ, हाऊ घरना बैल शे. तो नवा जावई. जावईना भरवसा काय?"

"अरे, सगळे मऊ टायर लावून येणार."

"बठ्ठा लोक विहिरीत उडी मारतीन तर तू बी मारशी?"

"विहिरीला पाणी असेल तर मारीन," प्रकाशचंद हसत म्हणाला.

शेवटी दोघांनी वाद सोडला आणि पारख केली. नशिराबादच्या वाटेवर नवं डांबर पडलेलं एक वळण होतं. सकाळी आधी माझ्यावर चार वेळा ते वळण घेतलं, मग चाक बदलून त्याच्यावर चार वेळा. माझ्यावर बसून प्रकाशचंद जितका झुकला, त्याच्या दीडपट तो मऊ टायरावर झुकला आणि गाडी हलली नाही. मी शेतात पडून बघत होतो. भटूनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "जावई चांगला शे रे!"

तेव्हा ठरलं. धुळ्यापर्यंत साठेक मैल माझ्यावर जायचं, कारण तेवढ्या रस्त्यात मऊ टायर झिजून गेला असता. तिथं पोचल्यावर चाक बदलायचं. निवड बरोबर होती. हे मी, नाकारलेला टायर, सांगतोय.

शर्यतीला पाच दिवस होते. त्या संध्याकाळी चंदनबाई, म्हणजे प्रकाशचंदची आई, पडवीत आल्या. हातात वाटी होती. वाटीत तिळाचं तेल आणि हळद. त्यांच्या मारवाडी घरात नवरदेवाला लग्नाआधी रोज तेल-हळदीची पीठी लावतात. चंदनबाईंनी त्या मऊ टायराला पीठी लावायला घेतली. दोन बोटांनी, हळूहळू, खालून वर, जशी मुलाच्या पायांना लावावी तशी. मग धोतराच्या फडक्यानं पुसून काढली.

लाडकुंवर दारात उभी होती. "बाई, हे काय?" तिनं आईला विचारलं.

"माझा मुलगा नवरदेवासारखा निघालाय. अंगाला हात लावू देत नाही, हसतो. म्हणून ज्याच्यावर बसणार त्याला लावते. पाच दिवस लावायची." त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "आणि बोलायचं नाही हं. बोललं की गुण जातो."

दुसऱ्या दिवशी लाडकुंवर शास्त्राचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली. एका ओळीवर बोट ठेवून तिनं मला वाचून दाखवलं: तेलामुळे घर्षण कमी होते. पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, बाईनं टायराला तेल लावलंय. असंच म्हणायचं ना? सहा शब्द पण नाहीत." तिनं ते वाक्य माझ्यासमोर चार-पाच वेळा म्हणून पाहिलं. दर वेळी 'बाईनं' या शब्दावर आवाज बसायचा. आईची चहाडी करायची कशी? आणि खरंच गुण गेला तर?

"तू कुणाला सांगू नको हं," ती मला म्हणाली.

पाच दिवस तेल मुरलं. मऊ टायर माझ्या शेजारी गप्प झाला होता. एकदाच म्हणाला, "मला झोप येतेय. अंग सैल पडलंय."

निघायच्या सकाळी प्रकाशचंदनं त्याला धोतरात गुंडाळून भटूच्या गळ्यात अडकवलं. चंदनबाईंनी नारळ फोडला, माझ्याखाली लिंबू ठेवलं. लाडकुंवर पुढं आली. तिनं तोंड उघडलं.

"काय लाडू? काय आणू धुळ्याहून?"

"काही नको," ती म्हणाली.

लिंबू माझ्याखाली फुटलं आणि आम्ही निघालो.

धुळ्यात चाक बदलताना भटूला त्या टायराच्या शिवणीत पिवळं दिसलं. त्यानं बोट लावून वास घेतला, पण त्याच्या हातांना ऑइलचाच वास असतो. "कारखानानी भुकटी व्हई," म्हणाला आणि बाहीनं पुसलं. मग चाक बसवलं, प्रत्येक नट दोनदा आवळून पाहिला. मी शेजारीच पडलो होतो. मी पाहिलं आहे. दोनदा.

शर्यत सुरू झाली तेव्हा भटू मला आडवा टाकून माझ्यावर बसला होता. पहिली फेरी सगळ्यांची हळूच होती. दुसऱ्या फेरीत प्रकाशचंद चौथ्याचा दुसरा झाला. पुढच्या वळणाच्या कडेला खडीचे ढीग होते. तो नशिराबादच्या वळणावर झुकला होता तितकाच झुकला. मागचं चाक त्याच्या खालून असं निघून गेलं, जसा ओल्या हातातून साबण जातो. गाडी आणि तो, दोघं खडीत गेले. भटू माझ्यावरून उठला आणि धावत सुटला.

पाय तीन ठिकाणी मोडला होता. जोडला, पण दीड इंच आखूड झाला.

महिन्यानं भटू जळगावला भेटायला आला. हातात केळीची फणी होती. फुलचंदशेठ दारातच होते. त्यांनी एवढंच विचारलं, "चाक तूच बसवलंस ना?"

"हो, शेठ."

भटूनं केळी उंबऱ्यावर ठेवली आणि परत फिरला. पुन्हा आला नाही, पान्यालाही हात लावला नाही. आता तो बोदवडच्या स्टेशनावर कापसाच्या गाठी चढवतो म्हणे. गाडीचा आवाज ऐकून नट सांगणारा माणूस.

मोटारसायकल विकली, मी पडवीतल्या खिळ्यावर राहिलो. प्रकाशचंद गादीवर बसतो. रस्त्यावरून मोटारसायकल गेली की कापड मोजता मोजता त्याचा हात थांबतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, "शेठ, किती मीटर झालं?" तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो.

आणि चंदनबाई आल्यागेल्याला सांगतात, "पाच दिवस पीठी लावली होती, म्हणून जीव तरी वाचला माझ्या लेकराचा." आता बोलायला त्यांना हरकत वाटत नाही. ऐकणाऱ्या बायका मान हलवतात. पुरुषांच्या कानावर हे जात नाही, गेलं तरी ते मनावर घेत नाहीत. लाडकुंवर मात्र तेवढ्यात उठून आत जाते. तिनं भटूवरचा आळ दूर करायचा ठरवला तर आईला काय सांगायचं? आणि नाही केला तर भटूनं जन्मभर गाठी चढवायच्या. गेली दोन वर्षं ती मला हेच विचारते आहे. मी टायर. मला काय येतं?

आज तिनं मला खिळ्यावरून उतरवलं. निंबाआबा पेठेच्या तोंडाशी चपला शिवतात. आखूड पायाच्या चपलेला माझे तीन थर लावायचे, म्हणजे चालताना तोल जाणार नाही. प्रकाशचंद माझ्यासमोर पाय कागदावर ठेवून उभा आहे.

"लाडू, हा आपला जुनाच ना?" त्यानं आता मला ओळखलं. "हाच लावायला हवा होता. भटू म्हणत होता. माझीच चूक."

लाडकुंवरनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "भाऊ, त्या टायराला..."

"हं?"

"काही नाही."

धार लागली. ऐका, तुमच्यापैकी कुणी बोदवडला उतरलं तर एक काम करा. चंदनबाईंच्या कानावर जाऊ न देता ते कसं करायचं हे मला सुचलेलं नाही, पण करा. स्टेशनावर भटू म्हणून कुणी आहे का विचारा आणि

"लाडू बेटा, दे तो टायर इकडं," निंबाआबा म्हणताहेत. ती मला उचलते आहे. त्याला म्हणावं, चाक तू बरोबरच बसवलं होतंस, भटू, दोनदा आवळलं होतंस, आणि ती पिवळी भुकटी कारखान्याची