बुडालेली मजुरी

जिनिव्हातल्या परिषदेसाठी निशाची निवड झाली, तेव्हा शिरोळात तिच्या आईला, आक्काताईला, एवढंच कळलं की पोरगी महापुरावर बोलायला परदेशात चाललीय.

"आपल्या पुराचं तिकडं कोण ऐकणार?"

"ऐकायला लावू की," निशा म्हणाली.

निशा कोल्हापुरात कायदा शिकत होती. ती शाळेत असताना महापुरात सगळं घर छावणीत राहिलं होतं. पाणी ओसरल्यावर शेतवाल्यांना उसाची भरपाई मिळाली. त्याच उसात तण भांगलायला जाणाऱ्या आक्काताईला मात्र 'तुमचं शेतच नाही, तर नुकसान कसलं' असं ऐकावं लागलं. पुढं कित्येक महिने काम मिळालं नाही.

जिनिव्हात देशोदेशीचे प्रतिनिधी पूरग्रस्तांच्या मदतीचा मसुदा ठरवत होते. त्यात घरं होती, पिकं होती, जनावरंही होती. मजुरी नव्हती. निशासारख्या बोलावलेल्या तरुणांना शेवटी बोलायला थोडा वेळ मिळाला, तेव्हा निशानं तयार भाषण बाजूला ठेवलं आणि आईचं सांगितलं. टाळ्या पडल्या.

"छान बोललात," अध्यक्ष म्हणाले. "पण मसुद्यात बदल फक्त देशांचे प्रतिनिधीच सुचवू शकतात."

बाकीची मुलं फोटोला गेली. निशा आणि बांगलादेशची रुमाना जेवणाच्या सुट्टीत एकेका टेबलापाशी जाऊन बोलत राहिल्या. कुणी घड्याळ दाखवलं, कुणी पुढच्या वर्षी बघू म्हणालं. एका चिमुकल्या बेटाच्या देशाच्या वयस्कर प्रतिनिधी बाईंनी मात्र दोघींना शेजारी बसवून घेतलं.

"आमच्या कोळ्यांचंही असंच होतं," त्या म्हणाल्या. दुपारी सूचना त्यांनीच मांडली. वाद बराच झाला. 'मदत द्यावी'चं 'विचार व्हावा' झालं, पण मजुरीचं वाक्य मसुद्यात आलं.

निशा घरी आल्यावर आक्काताईनं विचारलं, "म्हंजे आता मिळणार व्हय?"

"अजून न्हाय, आई. नुसता विचार करा म्हटलंय. पण तुमचं नुकसानच न्हाय, असं आता कुणाला म्हणता यायचं न्हाय."

 आक्काताई म्हणाली, "हे आमच्या भांगलणीच्या टोळीतल्या बायकांना सांग."

उसाच्या बांधावर निशानं सगळं सांगितलं. बायकांनी खुरपी खाली ठेवून ऐकलं. त्यांतली झुंबरबाई म्हणाली, "तहसीलदाराकडं जाऊया. तू बोल, आमी मागं उभ्या ऱ्हातो."

"तुमीच बोला, मावशी. मी हाय की संगट."

सोमवारी बायका कचेरीत गेल्या. आधी आक्काताई बोलली, न अडखळता. निशा शेजारी उभी राहून ऐकत होती.