हा सराव आहे

रेडिओ-टीव्हीच्या त्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आम्ही बारा जण होतो, आणि बाराही जणांकडून पहिल्याच दिवशी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: ‘हा सराव आहे.’ सरावाचं बातमीपत्र वाचताना ते सुरुवातीला म्हणायचं आणि शेवटीही म्हणायचं. संस्थेचं स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र होतं, गावभर ऐकू जाणारं. दोन नंबरच्या स्टुडिओतून कधी आमचा सराव चाले, कधी खरं प्रक्षेपण. दोहोंमध्ये फरक एका खटक्याचा. खटका वर असला की आवाज गावात, खाली असला की चार भिंतींत.

सर बोलायला तिखट. सोमवारी माझं वाचन ऐकून म्हणाले, “बाई, तुम्ही बातमी देता की अंगाई गाता? आणि हे ‘एक धरण’, ‘एक वस्ती’ काय? कुठलं धरण, कुठली वस्ती? परीक्षेला असलं वाचलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा इथेच भेटू.”

वर्ग हसला. वयाने सगळ्यांत मोठी मी, म्हणून मीही हसले. पण ते लागलं.

आई खालच्या वस्तीत राहायची, नदीला लागून, एकटी. गुडघे कामातून गेलेले. मी या अभ्यासक्रमाला आल्यापासून तिच्याकडचा रेडिओ दिवसभर चालू असे. “अगं, खऱ्या बातम्या वाचायचा माझा नंबर महिन्यातून एकदा येतो,” मी सांगायची. ती म्हणायची, “असू दे. मध्येच चुकून लागलीस तर?”

बुधवारी सकाळी नेहमीसारखी देवाजवळ बसले. पाण्याचा घोट घेण्याआधी रोज एकच मागणं मागते, की माझ्या तोंडून आज कुणाचं वाईट होऊ नये. मग सरावासाठी स्टुडिओत गेले. माझी मैत्रीण यंत्राशी बसली होती. तिचा पाय कधी एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. वाचणारीने खटका तपासायचा, असा नियम. मी कागदात डोकं घालून बसले. आवाज बाहेर जात असला की लागणारा आतला लाल दिवा आठवडाभर उडालेला होता. कुणीतरी सांगेल म्हणून कुणीच सांगितलं नव्हतं.

भिंगरीने काचेपलीकडून, सुरू कर म्हणून, बोट खाली केलं. मला वाटलं, सुरुवातीलाच ‘हा सराव आहे’ म्हटलं की बातमीतला जीवच जातो. शेवटी म्हणू. आणि वाचायला लागले.

धरण मी आमच्याच नदीवरचं घेतलं होतं, वस्ती आईची. भिंतीला तडा गेला आहे. पाणी तासाभरात पोचेल. खालच्या वस्तीतल्या लोकांनी सामानाचा मोह न धरता टेकडीकडे निघावं. आवाज कुठे कापला नाही. मनात आलं, आता म्हणा अंगाई.

शेवटचं वाक्य म्हणायच्या आत दार उघडलं. स्टुडिओ चालू असताना दार कुणी उघडत नाही. गेटवरचे दरवान होते, हातात छोटा रेडिओ.

“बाई,” ते म्हणाले, “माझी माणसं खाली राहतात. किती वेळ आहे?”

त्यांच्या हातातल्या रेडिओतून त्यांचाच आवाज येत होता. किती वेळ आहे.

मी खटक्याकडे पाहिलं. तो वर होता. आदल्या तासाच्या मुलांनी ठेवला तसाच.

भिंगरी पांढरीफटक पडली. “सरांना बोलावते,” ती पुटपुटली.

“सर येईपर्यंत थांबायला नको,” मी म्हटलं, आणि तशीच माइककडे वळले. हा सराव होता. धरण शाबूत आहे. कुणीही घर सोडू नये. तीनदा सांगितलं. आता मात्र आवाज असा कापत होता की माझा मलाच खरा वाटेना.

दरवान भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं, सुटलो, आणि त्याच क्षणी ध्यानात आलं. ज्यांनी पहिली बातमी खरी मानली, ते दुसरी ऐकायला रेडिओजवळ थांबलेच नसतील.

आईला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. गुडघे धड नसलेली बाई, टेकडीच्या त्या पायऱ्या, मागून लोटणारी माणसं. मी चपला हातात घेऊन धावले. रस्त्यावर पहिली गाडी दिसली तिला हात केला.

वस्तीचा रस्ता उलटा वाहत होता. एक माणूस शिवणयंत्र डोक्यावर घेऊन चढत होता. एका बाईच्या कडेवर मूल होतं आणि दुसऱ्या हातात कणकेने माखलेली परात. मी काच खाली करून सांगत होते, “काही झालेलं नाही, परत फिरा.” कुणी वळूनही बघत नव्हतं. पायऱ्यांपाशी कुणीतरी पडलं होतं, भोवती घोळका. मला फक्त साडीचा काठ दिसला, निळा. आईच्या साड्या आठवायला लागले तर एकही आठवेना.

ती दुसरीच बाई होती. पाय मुरगळला होता तिचा. मी देवाचे आभार मानले आणि मानता मानताच शरमले.

आईचं दार सताड उघडं होतं. ती रेडिओशेजारच्या खुर्चीत बसली होती. पायात चपला, पायाशी बोचकं, आणि त्या बोचक्यात तळाशी तिचा फोन वाजत होता. मीच अजून लावत होते.

“आई, तू निघाली का नाहीस?”

“शेजारची आली होती न्यायला. काकू चला, पाणी येतंय, म्हणाली. मी म्हटलं, तू हो पुढे. माझी पोरगी बोलतेय, तिचं संपू दे.”

“आणि संपल्यावर?”

“म्हटलं, पुन्हा लागशील.” ती हसली. “लागलीस की.”

मी तिच्याजवळ जमिनीवरच बसले. खिडकीतून नदी दिसत होती, रोजच्या जागी, रोजच्याएवढीच.

“पहिलं छान वाचलंस,” आई म्हणाली. “कुठे अडखळली नाहीस.”

मी रेडिओ बंद करायला हात पुढे केला. तिने तो वाटेतच धरला.

“राहू दे चालू,” ती म्हणाली.