नेमकी त्याच दिवशी अडले

मी बोलतेय, भोरच्या रघुवीररावांच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली लाल गाडी. ताडपत्री काढू नका, अशीच बरी आहे. तोंड दाखवायची लाज वाटते मला.

जन्म माझा जपानचा. रघुवीररावांचा केशव बोटीवर इंजिनिअर. त्यानं मला तिकडे घेतली नि बोटीनं इकडे आणली. माझं इंजिन जगावेगळं. इतर गाड्यांत पिस्टन मागेपुढे नाचतात, माझ्यात तिकोनी लोखंडी तुकडे गरागरा फिरतात. भोरच्या चौकात पोरंसोरं माझ्यामागे धावायची. काय सांगू, नुसती फुगून गेले होते मी!

एक खोड मात्र आहे. गार असताना सुरू करून लगेच बंद केलं, की पेट्रोल आत तुंबतं, प्लग भिजतात आणि मी हटून बसते. सुरू केली की जरा वेळ चालू ठेवावी, एवढंच माझं मागणं. केशवला हे पक्कं ठाऊक होतं.

रघुवीररावांचं घर भोरला, पण नोकरी वेल्ह्याच्या तहसील कचेरीत, म्हणून बिऱ्हाडही तिथंच. यंदाच्या दसऱ्याला केशव मला तिकडे घेऊन गेला. सकाळी पूजा झाली. झेंडूची माळ, हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. केशवनं मला सुरू केली, हातभर पुढे घेतली, लिंबं चिरडली आणि बंद केली. मग शेजारचे आले, त्यांच्यासाठी पुन्हा लिंबं. मग आई म्हणाली, "अरे, मला नीट दिसलंच नाही." पुन्हा सुरू, पुन्हा बंद. सणाच्या दिवशी आईला नाही कोण म्हणणार?

दुपारी पासलीच्या सगुणाबाई दारात आल्या. त्यांच्या वस्तीचा दसरा धम्मदीक्षेचा. सकाळच्या वंदनेचं पांढरं लुगडं अजून अंगावर होतं. डोंगरातनं चालून पाय धुळीनं भरले होते.

"रावसाहेब, भाटघरला माजी आई लई शिरेस हाय म्हनत्यात. यष्टी गेली. आता सकाळपातुर दुसरी न्हाई."

रघुवीरराव लगेच म्हणाले, "केशव, बाईंना पोचव." त्यांनी स्वतः माझं पुढचं दार उघडलं. बाई अंग चोरून बसल्या. केशवनं किल्ली फिरवली. मी नुसती घरघरले. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

झालं! माणसं जमली. यष्टीचे ड्रायव्हर कोंडिबा सुट्टीवर होते, त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं. "आरं, ह्याचं पिस्टन कुठं हायत?" कुणी म्हणालं बॅटरी, कुणी म्हणालं दृष्ट. केशव घामाघूम. त्यानं चोक ओढून पुन्हा किल्ली फिरवली. अरे बाबा, नको! आधीच गळ्यापर्यंत पेट्रोल आलंय, आणखी कशाला पाजतोस? पण माझं कोण ऐकणार! माणसांनी ढकलूनही पाहिलं. मी ढिम्म.

सगुणाबाई उतरल्या. "ऱ्हाऊ द्या दादा. म्या चालत सुटते, वाटंत कायतरी गावंल." आणि निघाल्यासुद्धा.

शेवटी केशवची बहीण सौदामिनी म्हणाली, "दादा, पेट्रोलचा किती वास येतोय रे!" केशवनं कपाळावर हात मारला. प्लग काढले तर चिंब ओले. मग प्लग न लावताच किल्ली फिरवून त्यानं आतलं पेट्रोल उडवून टाकलं, प्लग पुसून चुलीपाशी शेकले, परत बसवले. मी धूर ओकत सुरू झाले, तेव्हा उन्हं कलली होती.

सगुणाबाई मार्गासनीच्या अलीकडे दिसल्या, भराभर चालत होत्या. त्यांना घेऊन मी जिवाच्या आकांतानं पळाले. खड्ड्यांत पोट घासलं, पर्वा केली नाही. भाटघरला पोचलो तर अंगणात माणसं खाली माना घालून बसलेली. त्यांची भावजय धावत आली. "वन्सं, आत्ताच गेल्या गं! दाराकडं बघत हुत्या, सगुणा आली का म्हनत हुत्या."

बाई आत गेल्या. केशव माझ्या दाराला धरून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. वाटलं, आता लाथ घालतील मला. घालायलाच हवी होती.

"दादा, निघा तुमी," त्या म्हणाल्या. "अंधार पडंल. तुमची आई वाट बघत आसंल."

केशवनं किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू झाले मी. इतक्या मोठ्यानं, की घरातल्या बायकांचं रडणं माझ्या आवाजात बुडून गेलं.

केशव परत बोटीवर गेला. लोक येतात, म्हणतात, जरा चालू करा की, आवाज ऐकू. बाबांनो, हात जोडायला हात नाहीत मला. पण तेवढं नका सांगू.