डालगा, जाळी आणि सुगंधाबाईचं बोट

मित्रांनो, मी एक जुना डालगा आहे. डालगा म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. संध्याकाळी ती उपडी घालायची, वर दगड ठेवायचा, की झालं कोंबड्यांचं घर. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही' असं लोक म्हणतात ना, ते कोंबडं झाकायचं काम आमचंच. तांबडं फुटतं त्याला आम्ही काय करणार? पण झाकलेलं कोंबडं सकाळी जिवंत सापडतं, ही गोष्ट मात्र कोणी म्हणीत घातली नाही. चांगल्या कामाचा गवगवा होत नाही, हे मी फार लवकर शिकलो.

बांबूकाम करणाऱ्या झिंगूभाऊंनी मला विणलं. ओल्या बांबूच्या कामट्या काढल्या, धुरावर शेकल्या आणि मला आठवडी बाजारात नेऊन ठेवलं. तिथे सुगंधाबाई आली. तिने माझा रंग पाहिला नाही की आकार पाहिला नाही. खाली बसली आणि माझ्या प्रत्येक फटीत आपलं बोट घालून बघू लागली.

"झिंगूभाऊ, इथी तं बोट जाते," ती म्हणाली.

"बाई, हवा नको काय कोंबड्याइले?"

"हवा जाऊ दे, बोट नाई गेलं पाह्यजे. बोट जाते तिथी मुंगसाचं तोंड जाते."

झिंगूभाऊंनी कुरकुरत तिथे आणखी दोन कामट्या घातल्या. मग ती मला डोक्यावर घेऊन जंगलाच्या कडेच्या आपल्या गावात घेऊन आली. एवढ्या डालग्यांमधून तिने मलाच निवडलं, याचा मला आजही अभिमान आहे.

पुढची वर्षं माझी होती. दिवस कलला की कोंबड्या आपणहून पडवीत यायच्या आणि सुगंधाबाई मला त्यांच्यावर ठेवायची. दुपारी पिल्लं माझ्याखाली असली की घार वरून नुसती चकरा मारून जायची. मोहाच्या दिवसांत पहाटेच सगळं घर मोहफुलं वेचायला रानात जायचं. उन्हं वर येईपर्यंत घरी कोणी नसायचं. तेव्हा मुंगूस यायचं, माझ्याभोवती फिरायचं, फटीला नाक लावायचं आणि हात हलवत परत जायचं. परत आल्यावर सुगंधाबाई दगड उचलायची आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "माह्या डालग्यानं राखलं रे बापा!" कबरी नावाची ठिपक्यांची कोंबडी तर माझ्याखालीच अंड्यातून बाहेर आली. तिने जग पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या कामट्यांमधून.

आणि मग तो आला, लोखंडी पिंजरा.

सुगंधाबाईचा मुलगा खुशाल घुग्घुसला कोळसा खाणीत काम करतो. सुट्टीला मोटारसायकलवर घरी येतो. कोंबड्या वाढल्या होत्या आणि माझ्यात मावत नव्हत्या, हे खरं आहे. पण मला दुसरा भाऊ आणता आला असता. खुशालने तसं केलं नाही. त्याने लोखंडी पट्ट्या जोडल्या, वर टिनाचं छप्पर घातलं, हिरवा रंग दिला. कोंबड्यांना आतल्या आत फिरता यावं म्हणून पुढे लांबलचक अंगण काढलं आणि सगळ्याला जाळी ठोकली. ती जाळी शेताच्या कुंपणातून उरलेली होती. रानडुकरं धानाची नासाडी करतात म्हणून ती शेताला लावली होती.

"डुकराचा बाप आला तं हालत नाई हे जाळी!" खुशाल छाती फुगवून सांगत होता.

त्या पिंजऱ्यापुढे नारळ फोडला. खुशालची बायको पुनमने मोबाईलवर त्याचा फोटो काढला. शेजारचे लटारूभाऊ येऊन म्हणाले, "कोंबड्याइचा बंगलाच बांधला गड्या!" मित्रांनो, इतकी वर्षं मी राबलो, माझा कोणी एक फोटो काढला असेल तर शपथ. मला गोठ्याच्या कुडाला टांगून ठेवलं. तिथून तो पिंजरा दिवसभर समोर दिसायचा आणि माझ्या पोटात दुखायचं.

काय काय म्हणून सांगू! त्याला पाण्याचं नवं भांडं मिळालं. त्याच्या तळाला राख टाकली, तर कोंबड्या तिच्यात पाय पसरून अशा लोळायच्या, जणू माहेरी आल्या आहेत. सगळ्यात पुढे कोण? कबरी! माझी कबरी! तिने त्याच्या कोपऱ्यात अंडी घातली आणि त्याच्यातच ती उबवायला बसली. माझ्याकडे तिने मान वळवूनही पाहिलं नाही. 'नव्याचे नऊ दिवस' असं मी स्वतःला समजावत होतो, पण नवाचे नव्वद झाले तरी त्याचं कौतुक काही संपेना.

मग एके दिवशी मला त्याचं बिंग कळलं. शेजारचं एक पिल्लू दाणे टिपत आलं, जाळीच्या चौकोनातून सरळ आत गेलं आणि पोट भरल्यावर तसंच बाहेर आलं. त्या चौकोनातून बोटच काय, अख्खी मूठ जाईल. मला फार आनंद झाला. असा आनंद की कुडावरच्या कुडावर मी डोललो. बडा घर, पोकळ वासा! मला वाटलं, आता सुगंधाबाई येईल, बोट घालून बघेल आणि याला भंगारात काढेल.

पण सुगंधाबाईने बोट घातलंच नाही. लेकाने सुट्टीचे दिवस खर्चून, हौसेने केलेलं काम. त्यात कोणती आई बोट घालून खोट काढेल? ती फक्त जाळीवरून हात फिरवायची आणि शेजारणींना सांगायची, "माह्या खुशालनं केलं."

मोहाचे दिवस आले. पहाटे सुगंधाबाई आणि पुनम पिंजऱ्याची कडी लावून निर्धास्तपणे रानात गेल्या. उजाडल्यावर मुंगूस आलं. सवयीने आधी पडवीत गेलं, तिथे मी नव्हतो. मग पिंजऱ्याकडे वळलं, जाळीला नाक लावलं आणि नाकामागून सगळं अंगच आत गेलं.

कोंबड्या ओरडू लागल्या, जाळीवर आदळू लागल्या. मुंगसाला आत यायला वाट होती, पण कोंबड्यांना बाहेर पडायला नव्हती. मी कुडाला टांगलेला. माझी इच्छा पुरी झाली होती आणि मला ती नको होती. मला एकच दिसत होतं, कबरी अंड्यांवरून उठत नव्हती. शेवटी मुंगूस अगदी जवळ आलं तेव्हा ती उडाली आणि छपराखालच्या दांडीला जाऊन चिकटली.

मोहाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन दोघी परतल्या तेव्हा चार कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि कबरीची अंडी फुटली होती. सुगंधाबाई टोपलीसकट खाली बसली. सारी मोहफुलं अंगणात सांडली, तिने ती उचलली नाहीत.

निरोप कळून संध्याकाळी खुशाल आला. तो पिंजऱ्याभोवती दोनदा फिरला. "आई, जाळी तं कुठीच तुटली नाई! डुकराले थांबवते ना हे?"

"डुकराले थांबवते रे. मुंगूस का डुक्कर हाय?" मग तिचा आवाज खाली आला. "तुह्यी चूक नाई बापा. माह्या बोटाले का झालं होतं? तू केलं म्हून मी पाह्यलंच नाई."

खुशाल मान खाली घालून मेलेल्या कोंबड्या उचलू लागला.

"मायबाई, आपला जुना डालगाच बरा होता," पुनम म्हणाली.

मित्रांनो, हे वाक्य ऐकायला मी किती दिवस टांगून राहिलो होतो! पुनमने मला खाली काढलं, धूळ झटकली. मी पिंजऱ्याकडे पाहिलं. बघ म्हटलं, शेवटी कोणाचं काम पडलं?

सुगंधाबाईने मला जवळ ओढलं आणि बाजारात केलं होतं तसंच केलं. फटीफटीत बोट घालत गेली. वरच्या अंगाला बोट अडलं, मधे अडलं. काठाशी आली आणि तिने जरा दाबलं, तर कामट्या कडकन तुटल्या आणि तिची अख्खी मूठ आत गेली. कुडावर पावसाचं पाणी झिरपत होतं, कीड लागली होती. मला ते ठाऊकच नव्हतं. दुसऱ्याची भोकं मोजताना माझं भोक मी पाहिलं नव्हतं.

"हाही गेला," ती हळूच म्हणाली. पुनमने विचारलं, "चुलीत घालू काय?" सुगंधाबाई मला तिथेच सोडून उरलेल्या कोंबड्यांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी खुशालने सुट्टी टाकली. बाजारातून बारीक जाळी आणली आणि मोठ्या जाळीच्या आतून ठोकली. भोवती हातभर खोल चर खणला, जाळी खालपर्यंत नेऊन बाहेर वळवली, वर दगडमाती दाबली, म्हणजे कोणी उकरलं तरी जाळीच लागावी. कडीत अडकवायला खिळा केला. मग तो स्वतःच म्हणाला, "आई, आता बोट घाल."

तिने एक फट सोडली नाही. दोन ठिकाणी बोट गेलं, तिथे त्याने पुन्हा तार आवळली. माझा किती जळफळाट झाला म्हणून सांगू! ती परीक्षा माझी होती. आता तो तीत पास झाला.

पण कबरी काही त्याच्यात जायला तयार होईना. दिवेलागणीला ती शेवग्याच्या झाडावर जाऊन बसायची. लटारूभाऊंची कोंबडी अशीच झाडावरून रानमांजराने नेली होती. सुगंधाबाई खालून दाणे दाखवून हाका मारायची, काठीने फांदी हलवायची. कबरी आणखी वर जायची. पकडून आत सोडली तरी ती जाळीवर आदळत राहायची. शेवटी पुन्हा बाहेर सोडावी लागायची.

तिसऱ्या संध्याकाळी सुगंधाबाईने विळा घेतला. मला वाटलं, चूल आली. तिने माझा कुजलेला काठ कापून टाकला. मी अर्धा उरलो. मग तिने मला सुलटं करून आत धानाची तणस, म्हणजे वाळलेला पेंढा, पसरली आणि नेऊन ठेवलं कुठे? त्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात! माझ्या वैऱ्याच्या पोटात!

कबरी शेवग्यावरून पाहत होती. बराच वेळ पाहत होती. मग खाली उतरली, दारात थबकली, मान वाकडी करून एका डोळ्याने मला न्याहाळलं. आणि आत आली. तणस पायांनी सारखी केली, माझ्या कामट्यांवर चोच घासली आणि बसली. सुगंधाबाईने कडी लावली, खिळा अडकवला आणि डोळ्यांना पदर लावला.

आता कबरी पुन्हा अंड्यांवर आहे. लोक अजूनही येतात आणि पिंजऱ्याचंच कौतुक करतात. पुनमने नवा फोटो काढला, त्यात मी नीट दिसतसुद्धा नाही. मला अजून राग येतो. येणारच! पण उजाडताना मुंगूस येतं, त्याच्या जाळीला नाक लावून परत जातं, आणि कबरी झोपेतच माझ्या अंगाला टेकते. तेव्हा मी पिंजऱ्याला मनातल्या मनात म्हणतो, राख बाबा, नीट राख.

मित्रांनो, तुमच्या अंगणात कोंबड्या असतील तर त्यांच्या घराचा रंग बघू नका, छप्पर बघू नका, ते कोणी प्रेमाने केलं तेही बघू नका. खाली बसा आणि बोट घालून बघा. नवीन असेल तरी बघा, जुनं असेल तरी बघा. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा नाही.