शिंप्याने चाखलेली काळी बिअर

मेहुण्याने आपल्या छोट्याशा कारखान्यात काळी लागर बिअर बनवली आणि पहिला ग्लास शिंप्याच्या हातात दिला.

"दाजी, खरं सांगा. नुसतं छान म्हणू नका."

शिंपी पेचात पडला. त्याला बिअरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. भाजक्या पावाच्या वासाचा तो घोट त्याने तोंडात घोळवला.

"खांद्यात बसलीय," तो चाचरत म्हणाला, "पण कमरेत ढगळ वाटते."

मेहुणा गंभीर झाला. "किती आत घेऊ?"

"अर्धा इंच."

मेहुणा तडक टाकीपाशी गेला, खटपट करून नवा ग्लास घेऊन आला. शिंप्याने घोट घेतला. बिअर अगदी अंगासरशी बसली होती. आता त्याची भीड चेपली.

"बाह्या मात्र लांब आहेत."

"हो," मेहुणा ओशाळून म्हणाला, "मलाही जाणवल्या."