चार मिलिमीटरची साडेसाती

चष्मेवाल्याला छंदांची हौस दांडगी, टिकाव मात्र बेताचा. मत्स्यालय झालं, गिटार झाली, आता दुर्बीण. या वेळी बायकोने निक्षून सांगितलं होतं, "आज शनीची कडी दिसली नाहीत, तर उद्या माझा भाऊ येऊन हे धूड घेऊन जाईल."

बिचाऱ्याची पंचाईत अशी, की कडी आपल्याला रोज स्वच्छ दिसतात अशी फुशारकी त्याने घरभर मारली होती आणि त्याला स्वतःला ती अजून एकदाही दिसली नव्हती.

दिवस मावळल्यावर दोघं गच्चीवर गेली. दुर्बिणीच्या पाठीवरची छोटी दुर्बीण, म्हणजे फाइंडर, त्याने दुपारीच लांबच्या धुराड्यावर नेम धरून जुळवून ठेवली होती. त्यामुळे शनी चटकन सापडला. मग त्याने डोळा लावायचं भिंग, चार मिलिमीटरचं आयपीस, ऐटीत बसवलं. आयपीसवरचा आकडा जितका लहान तितकी वस्तू मोठी दिसते, आणि याहून लहान आकडा त्याच्याकडे नव्हता.

बायकोने डोळा लावला. "कापसाचा बोळा दिसतोय. थरथरतोय. गेला."

"पृथ्वी फिरते ना, म्हणून सरकतो."

"मग थांबवा जरा तिला."

त्याने शनी परत आणला. परत बोळाच. "आज हवा स्थिर नाही," तो पुटपुटला.

"तुमच्यासाठी बरी रोज स्थिर राहते."

दुर्बीण जाणार या विचाराने त्याने तिच्या नळीवरून हात फिरवला. जीव जडला होता त्याचा तिच्यावर.

"दुकानात गिऱ्हाइकांना काय सांगता?" बायको म्हणाली. "नंबर वाढवला म्हणजे जास्त दिसतं असं नाही. डब्यातलं ते पंचविसाचं लावा."

"त्यात फारच लहान दिसेल."

"दिसेल तरी."

त्याने तोंड पाडून ते लावलं. ती वाकली आणि एक डोळा मिटून बघू लागली.

"आहेत की हो," ती हळूच म्हणाली. "इवलीशी."

मग तिने तिथूनच भावाला फोन लावला. "उद्या ये. न्यायला नको, बघायला ये." फोन ठेवून ती बाजूला सरकली. "बघा आता. पहिल्यांदाच बघताय ना?"

त्याचा डोळा आयपीसला लागला होता. काळ्या आभाळात एवढासा गोळा आणि त्याच्याभोवती रेखीव कडी. थाप मारायचं त्याला सुचलंच नाही. त्याने मान डोलावली, कपाळ आयपीसवर आपटलं आणि शनी दिसेनासा झाला.

"शोधा परत," ती कठड्याला टेकत म्हणाली. "मला घाई नाही."